हातमोजे सगळ्यात शेवटी: घरच्या सुतारकामात कमी खर्चात हात कसे सांभाळायचे

माझ्या डाव्या तर्जनीच्या बुडाशी पाऊण इंचाचा पांढरा व्रण आहे. तो करवतीचा नाही, मशिनचाही नाही. सागाचा काडेपेटीएवढा तुकडा डाव्या मुठीत धरून उजव्या हाताने पटाशीने खाच पाडत होतो. पटाशी बोथट होती म्हणून जोर लावला, आणि जोर लावला म्हणून ती सटकली. साडेतीनशे रुपयांचे ‘कट रेझिस्टंट’ हातमोजे तेव्हा कपाटात पाकिटासकट पडून होते. घातले असते तरी पटाशीच्या टोकापुढे त्यांचं फार चाललं नसतं, हे मला नंतर कळलं.

आमच्या इमारतीत तेव्हा वेंगुर्ल्याकडचे एक मेस्त्री राहायचे. टाके बघून हसले आणि म्हणाले, “आधी हात खंय आसा तां बघ, मगे पटाशी उचल.” त्यानंतर मी खरेदीची यादीच उलटी केली. आधी क्लॅम्प (लाकूड टेबलाला आवळून धरणारा शिकंजा), मग धार लावायचा दगड, मग रद्दी प्लायच्या दोन-तीन वस्तू आणि हातमोजे सगळ्यात शेवटी. गॅलरीत किंवा हॉलच्या कोपऱ्यात काम करणाऱ्याला दीड हजाराच्या आसपास हे सगळं जमतं. खाली जे भाव दिलेत ते मला पडलेले आहेत. तुम्हाला थोडे इकडेतिकडे पडतील.

सुरू करण्याआधी दोन मिनिटं

अंगठी, घड्याळ, कडं काढून ठेवा. मनगटातला दोरासुद्धा. गणपतीतला असो, राखीचा असो की देवळातून आणलेला, ड्रिलच्या चकला (बिट पकडणाऱ्या फिरत्या तोंडाला) त्यातलं काही कळत नाही. अंगठी मशिनमध्ये किंवा फळीच्या खिळ्यात अडकली की बोटाची कातडी मोज्यासारखी सोलून निघू शकते. दोरा काढवत नसेल तर त्या दिवशी मशिनला हात लावू नका, हाताच्या हत्यारांनी काम करा.

मुंबईत दुसरा शत्रू घाम. एप्रिल-मे असो की ऑक्टोबर, दहा मिनिटांत मुठी ओल्या होतात आणि हातोडीचा दांडा फिरायला लागतो. कमरेला एक जुना नॅपकिन खोचून ठेवा. हातोडीच्या दांड्यावर क्रिकेट बॅटची रबरी ग्रिप चढवा. खेळाच्या दुकानात पन्नास-साठ रुपयांना मिळते, दोन दांड्यांना पुरते आणि ओल्या हातातही घट्ट राहते. पंखा मात्र तोंडावर ठेवू नका, भुसा डोळ्यात जातो आणि हात नेमका तेव्हाच चुकतो.

पहिला खर्च: क्लॅम्प

साइटवरचे कारागीर जमिनीवर उकिडवे बसून प्लाय पायाने दाबून धरतात आणि करवत अंगठ्यापासून दोन बोटांवरून सपासप चालवतात. वीस वर्षांच्या सवयीने ते जमतं. त्यांची नक्कल करायला जाऊ नका. नवख्याचं पहिलं काम एकच: लाकूड हाताने धरायचं नाही.

नागदेवी स्ट्रीटला, मुंबईच्या हत्यारांच्या बाजारात, जा. मस्जिद स्टेशनवरून चालत जाता येतं. रविवारी बहुतेक शटर बंद असतात, म्हणून शनिवारी सकाळी जा. चार इंची सी क्लॅम्प दोन घ्या, मला ते प्रत्येकी दोनशेच्या आत मिळाले. विकत घेताना स्क्रू पूर्ण फिरवून बघा. टोकाची चकती डुगडुगली तर चालेल, पण स्क्रूच आट्यात खडखडत असेल तर परत द्या. पुढेमागे पैसे झाले की बारा इंची एफ क्लॅम्प घ्या, तो रुंद फळ्यांना लागतो.

बेंच नसला तरी अडत नाही. अभ्यासाचं जुनं जड टेबल चालतं. टेबलाला वळ पडू नये म्हणून क्लॅम्पखाली पुठ्ठा किंवा प्लायचा तुकडा ठेवा. एकच क्लॅम्प लावला की फळी त्याच्याभोवती गरकन फिरते, म्हणून दोन लागतात. लावून झाल्यावर फळी धरून जोरात हलवून बघा. हलली तर कापताना नक्कीच हलणार.

काठाला अडकणारी फळी

ही फुकटात होते आणि माझ्या मते क्लॅम्पइतकीच बोटं वाचवते. छोटे तुकडे कापायला दर वेळी क्लॅम्प लावायचा कंटाळा येतो, आणि आळसातच हात कापला जातो. तो आळस ही फळी चालवून घेते.

१८ मिलीमीटर प्लायचा साधारण १० इंच बाय ८ इंच तुकडा घ्या. कुठल्याही फर्निचरच्या साइटवर मागितला तर मिळेल. दीड इंच रुंदीच्या दोन पट्ट्या कापा. एक पट्टी फळीच्या वरच्या बाजूला, तुमच्यापासून लांबच्या काठाला. दुसरी खालच्या बाजूला, तुमच्या जवळच्या काठाला. बाजूने बघितलं तर आडव्या झेडसारखा आकार दिसतो. खालची पट्टी टेबलाच्या कडेला अडकते. वरच्या पट्टीला तुकडा टेकवून तळहाताने पुढे दाबला की तो जागचा हलत नाही, कारण करवतीचा जोरही त्याच दिशेने लागतो.

उजव्या हाताने काम करत असाल तर वरची पट्टी उजवीकडे इंचभर आखूड ठेवा. करवत आरपार गेली की ती खालच्या प्लायवर उतरते, आईच्या डायनिंग टेबलवर नाही. पट्ट्या फेविकॉल लावून रात्रभर दाबून ठेवा. स्क्रू मारायचे असतील तर डाव्या टोकाकडे मारा, नाहीतर सहा महिन्यांनी करवतीचे दात त्या स्क्रूवर घासतील. डाव्या बोटांचं काम वरच्या पट्टीमागे अडकून तुकडा दाबण्याचं आहे. अंगठा पात्याच्या रेषेत आणायचा नाही.

करवत सुरू करताना मात्र थोडा वेळ अंगठा लागतोच. पेराचा मागचा भाग पात्याच्या बाजूला, दातांच्या वर टेकवा आणि पहिले तीन-चार हात मागे ओढा. खाच पडली की अंगठा लगेच काढून घ्या. पहिलाच हात पुढे रेटला की करवत उडी मारते आणि नखावर उतरते.

धार

बोथट हत्याराने कमी कापतं, असं आपल्याला वाटतं. लाकूड कमी कापतं हे खरं. बोथट पटाशीला दुप्पट जोर लागतो, आणि लाकूड अचानक सुटलं की तो सगळा जोर हातासकट पुढे जातो. माझा व्रण त्याचाच आहे.

एका बाजूला खरखरीत, दुसऱ्या बाजूला बारीक असा दुहेरी दगड दोन-अडीचशेत येतो. तोही नको असेल तर जाड काचेच्या तुकड्यावर पाण्याचा पॉलिश पेपर पसरा. २२०, ४०० आणि १००० नंबरचा एकेक कागद पुरे. काचेच्या कडा आधी त्याच पॉलिश पेपरने मारून घ्या, नाहीतर धार लावतानाच कापून घ्याल. (मी घेतलंय.)

पटाशीची पाठ प्रथम सपाट घासा, टोकाकडचा इंचभर तरी आरशासारखा व्हायला हवा. मग पुढची तिरकी बाजू, म्हणजे उतार, कागदावर टेकवा. साधारण २५ ते ३० अंशांचा कोन असतो. मोजायची गरज नाही, कारखान्यातून आलेला उतार पूर्ण टेकला की कोन बरोबर आहे. दोन्ही हातांनी धरून ओढत रहा, कोन बदलू देऊ नका. थोड्या वेळाने पाठीकडून बोट बाहेरच्या दिशेने फिरवलं तर कडेला बारीक खरखर लागेल. ती पूर्ण रुंदीभर लागली की पुढचा बारीक कागद घ्या. शेवटी पाठ एक-दोनदा सपाट घासली की खरखर जाते. जुना चामड्याचा पट्टा फळीवर चिकटवून त्यावर दहा-बारा वेळा मागे ओढा. पुढे ढकललं तर पट्टाच कापला जाईल.

धार अंगठ्याने तपासू नका. वर्तमानपत्राचा कागद हवेत धरा आणि पटाशी त्यावरून उतरवा. फाटला तर अजून घासायचं, सरळ कापला तर झालं. पावसाळ्यात पात्याला खोबरेल किंवा मशिनच्या तेलाचा हात फिरवून ठेवा. जून ते सप्टेंबर गंज आठवड्यात चढतो आणि गंजली की धार गेलीच.

पटाशी वापरताना लाकूड क्लॅम्पमध्ये आणि दोन्ही हात धारेच्या मागे. एक हात मुठीवर, दुसरा पात्यावर. डाव्या हाताला काही काम नाही म्हणून तो पुढे जाऊन बसतो, तर त्याला पात्यावरच गुंतवून ठेवा.

सनमाइका आणि कटर

मुंबईतल्या फर्निचरमध्ये लाकूड नावाला असतं, उरलेलं सगळं प्लाय आणि सनमाइका. मिलीमीटरभर जाडीच्या सनमाइकाची ताजी कापलेली कड ब्लेडसारखीच असते. शीट हातातून सरकलं की तळवा लांबलचक चिरतो, आणि त्या क्षणी दुखत नाही म्हणून रक्त बघितल्यावर कळतं. शीट उचलताना कोटेड (तळव्यावर रबरी थर असलेले) हातमोजे घाला. घसरणारं शीट पकडायला धावू नका, पडू द्या. कापून झालं की लगेच कानस तिरकी धरून कड मारा.

कटरने खाच पाडताना पोलादी पट्टी क्लॅम्पने बांधा. प्लास्टिकच्या पट्टीवर पातं चढतं. एकाच जोरात न कापता चार-पाच हलके हात मारा. पात्यावर आडव्या रेघांनी खण पाडलेले असतात. पातं दोन खणांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नका, बोथट झालेला खण पक्कडीने मोडा आणि ते तुकडे जुन्या औषधाच्या डबीत टाका. घरातला कचरा वेचणाऱ्यालाही हात असतात.

मशिन

चार इंची अँगल ग्राइंडर मिनिटाला सुमारे ११,००० फेरे घेतो. त्यावर लाकूड कापायची दातेरी चकती बसवून देणारे महाभाग बाजारात भेटतात. घेऊ नका. ते यंत्र घासायला आणि लोखंड कापायला बनलंय. लाकडात दात अडकला की अख्खा ग्राइंडर उलटा अंगावर येतो, आणि धरायला मूठ लहान असते. मार्बल कटरला प्लायचं ब्लेड लावून, गार्ड काढून, तो पाटाखाली उलटा ठोकून केलेलं ‘टेबल’ही तसंच. साइटवर सर्रास दिसतं म्हणून ते सुरक्षित होत नाही.

सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे लांब काप स्वतः कापूच नका. प्लाय घेताना दुकानदाराला मापं द्या. कटिंग करून देणारं दुकान शोधा, थोडे जास्त पैसे द्या. आठ बाय चारचं १८ मिलीमीटरचं शीट तीसेक किलोचं असतं आणि लिफ्टमध्ये मावत नाही. तुकडे करून आणलं तर जिन्याच्या वळणावर बोटं चिरडायचीही वाचतात.

तरी टेबलावरच्या गोल करवतीवर काम करायची वेळ आलीच तर पात्यापासून वीतभर अंतरात हात न्यायचा नाही. त्यासाठी १२ मिलीमीटर प्लायची ढकलकाठी करा. फूट-सव्वा फूट लांब, पुढच्या टोकाला काटकोनी खाच, मागे मूठ, कडा पॉलिश पेपरने गोल. लोखंडी किंवा ॲल्युमिनियमची पट्टी काठी म्हणून वापरू नका. पात्याला लाकूड लागलं तर काठी खराब होईल, धातू लागला तर तो उडेल. काठी टेबलावर, हात पोहोचेल तिथेच ठेवा. दुसऱ्या खोलीत ठेवलेली काठी आणायला कोणीच उठत नाही. पात्याच्या रेषेत मागे उभे राहू नका आणि पातं थांबेपर्यंत तुकडे उचलू नका.

ड्रिल तुलनेने साधं वाटतं, म्हणून त्याने जास्त फसगत होते. छोटा तुकडा हातात धरून भोक पाडलं की बिट आरपार निघताना अडकतं आणि तुकडाच पंख्यासारखा फिरतो. तुकडा क्लॅम्प करा, खाली रद्दी लाकूड ठेवा, बाहेर पडताना जोर कमी करा. बिट बदलताना प्लग काढा, बॅटरीचं असेल तर बॅटरी. आणि पावसाळ्यात ओल्या गॅलरीत दोन पिनच्या जुगाडावर मशिन लावू नका.

आता हातमोजे

फिरणाऱ्या मशिनवर हातमोजे घालायचे नाहीत. ड्रिल, गोल करवत, राउटर (लाकडात खाचा आणि नक्षी पाडणारं मशिन), खराद (लेथ), कशावरच नाही. हिशेब सोपा आहे. ड्रिल मिनिटाला हजार फेऱ्यांवर असलं तरी सेकंदाला सोळा फेरे होतात. काहीतरी चुकतंय हे कळून बोट बटनावरून सुटायला सेकंदाचा पाचवा भाग तरी जातो. तेवढ्यात होजियरीचा एक धागा तीन वेळा गुंडाळलेला असतो, आणि धाग्यामागे बोट.

बाकी कामांना घाला. शीट उचलणं, जुने खिळे काढणं, फळ्या रचणं याला तळव्यावर नायट्रिलचा (कृत्रिम रबराचा) थर असलेले विणलेले मोजे उत्तम. सत्तर-ऐंशी रुपयांत जोडी येते. ठिपक्यांचे सुती मोजे वीस-तीस रुपयांना मिळतात, पण घामाने अर्ध्या तासात चिंब होतात आणि खिळा सहज आरपार जातो. माप घट्टच घ्या, बोटांच्या टोकाला पोकळी राहिली की पकड गेली.

कट रेझिस्टंट मोजे घेताना मागच्या बाजूला ढालीचं चिन्ह आणि ‘ईएन ३८८’ बघा. खाली चार आकडे आणि पुढे एक अक्षर असतं. दुसरा आकडा कापण्याचा, ५ पर्यंत जातो. आकड्यांनंतरचं ए ते एफ अक्षर जास्त भरवशाचं, एफ सगळ्यात वरचं. चौथा आकडा टोचण्याचा, तो बहुतेकदा कमीच असतो, आणि पटाशीचं टोक टोचतंच. सरकणाऱ्या पात्यापासून थोडं संरक्षण, एवढीच त्या मोज्यांची लायकी. फिरत्या दातांपुढे त्यांचा काही उपयोग नाही.

कुसळं

बजेटमध्ये काम करणाऱ्यांचं आवडतं लाकूड म्हणजे आयात मालाच्या पॅलेटचा, म्हणजे मालाखालच्या लाकडी चौकटीचा, पाइन. घेताना फळीवरचा शिक्का बघा. ‘एचटी’ म्हणजे उष्णतेने प्रक्रिया केलेलं, ते घ्या. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेलं, ते सोडून द्या. फळ्यांत मोडलेले खिळे दडलेले असतात, जुन्या स्पीकरचं लोहचुंबक फिरवलं की टक्कन चिकटतं.

कुसळ गेलं तर हात पाण्यात बुडवत बसू नका, लाकूड फुगतं आणि तुटतं. साबणाने धुवा, चिमटा स्पिरिटने पुसा आणि ज्या कोनात शिरलं त्याच कोनात बाहेर ओढा. नखाखाली खोल गेलं असेल, किंवा दोन दिवसांनी ठणकायला लागलं, तर डॉक्टर. सागाच्या किंवा शिसवीच्या भुशाने काहींच्या हाताला खाज आणि पुरळ येतं. तसं झालं तर काम संपल्यावर लगेच हात धुवा आणि पुढच्या वेळी लाकूड बदलून बघा.

गोंद आणि पॉलिश

पांढरा फेविकॉल लागला तर धुतला जातो. फेविक्विकसारख्या गोंदाने बोटं चिकटली तर ओढू नका. कोमट साबणपाण्यात ठेवून हळूहळू सोलत सोडवा. हा गोंद सुती मोज्यावर सांडला तर झपकन तापतो, भाजण्याइतका, म्हणून त्या कामाला सुती मोजे नकोतच. इपॉक्सीची (दोन भाग मिसळून लावायच्या गोंदाची) ॲलर्जी बसली की जन्मभर राहू शकते. त्याला आणि पॉलिशला पातळ नायट्रिल मोजे घाला. थिनर त्यांच्यातून काही मिनिटांत झिरपतो, चिकट वाटले की बदला.

थिनरने हात धुणं ही साइटवरची वाईट सवय आहे. कातडीचं तेल निघून जातं, भेगा पडतात, मग त्या भेगांतून पॉलिश आत जातं. खोबरेल चोळा, जुन्या कपड्याने पुसा, मग साबण. जवसाच्या तेलाचा बोळा मात्र चुरगाळून कचऱ्यात टाकू नका, तो आपोआप पेटू शकतो. गॅलरीच्या दोरीवर पसरून वाळवा.

तरीही लागलंच तर

स्वच्छ कापड घेऊन जखमेवर थेट दाबा, हात छातीच्या वर धरा आणि दहा-पंधरा मिनिटं सोडू नका. दर मिनिटाला उघडून बघितलं तर रक्त थांबणार नाही. अंगठी राहिली असेल तर सुजायच्या आत काढा. हळद, चहापावडर, चुना यातलं काही भरू नका, डॉक्टरांना ते आधी धुऊन काढावं लागतं.

रक्त थांबलं तरी दोन गोष्टी तपासा. बोट वाकतं आणि सरळ होतं का? टोकाला स्पर्श कळतो का? एकाचंही उत्तर नाही असेल तर बोट हलवणारा कंडरा किंवा मज्जातंतू तुटलेला असू शकतो, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. बोटाचा तुकडा पडला तर तो स्वच्छ ओलसर कापडात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून पिशवी बंद करा आणि ती पिशवी बर्फात ठेवा. तुकडा थेट बर्फावर किंवा पाण्यात ठेवायचा नाही. रुग्णवाहिकेसाठी १०८. केईएम, सायन, नायर आणि जेजे या सरकारी-पालिकेच्या हॉस्पिटलांत प्लास्टिक सर्जरीचे विभाग आहेत.

धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं, ते औषधाच्या डब्याच्या झाकणावर मार्करने लिहून ठेवा. दर दहा वर्षांनी घ्यायचं असतं. जखम खोल किंवा मळलेली असेल आणि पाच वर्षं उलटली असतील तर डॉक्टर पुन्हा देतात.

त्या डब्यात गॉझ, चिकटपट्टी, चिमटा आणि कात्री एवढं ठेवा. मी आधी चेनवालं पाऊच ठेवलं होतं. टाके पडले त्या दिवशी ते एका हाताने उघडेना, शेवटी दाताने चेन ओढली. आता बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा आहे, सैल झाकणाचा, कमरेच्या उंचीवर. तुमचा डबा आजच एकदा फक्त डाव्या हाताने उघडून बघा, मग फक्त उजव्याने.